एस्टीम १.३ चं इंजिन ड्रॅगसाठी उघडतोय : रिबोअर, कॅम की सरळ बलेनोचं १.६?

सोला_एस्टीम (जुळे सोलापूर)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथलं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. जरा लांबेल पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला पण नीट सल्ला देता येणार नाही.

गाडी २००४ ची एस्टीम व्हीएक्सआय, १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, कागदावर ८५ बीएचपी. वडिलांनी नवी घेतलेली, घरात सगळ्यांचा जीव आहे तिच्यावर. आता रोजच्या वापराला दुसरी गाडी आलीय आणि वडील स्वतःच म्हणाले की तुला एवढा नाद आहे तर हिच्यावर शीक. तर मला ही पूर्णपणे ड्रॅगची करायचीय, म्हणजे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेत घड्याळ लावून पाव मैल पळवायची, हैदराबाद रोडला रात्री कुणाशी लावायची नाही, हे आधीच सांगतो.

इंजिनची अवस्था अशी की सकाळी स्टार्ट केली की निळा धूर मारते, ऑइल खाते, चढाला दम नाही. कॉम्प्रेशन घेतलं, इंजिन गरम करून, चारही प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडून. आलं १६५, १६०, ११८ आणि १६२ पीएसआय. तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून परत घेतलं तर १५० च्या वर गेलं. म्हणजे पिस्टनची रिंग नाहीतर बोअर (सिलिंडरचं भोक), व्हॉल्व्ह नाही, असं मी समजतोय, बरोबर ना?

आता इथं प्रत्येकजण वेगळं सांगतो. एक मिस्त्री म्हणतात रिबोअर करू, म्हणजे बोअर ०.५० एमएमनं मोठा करून तेवढे ओव्हरसाइझ पिस्टन टाकू आणि हेड दोन एमएम घासू, बघ कशी पळते. दुसरे म्हणतात कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, घासून आणू. मित्राचं म्हणणं हे सगळं सोड, स्क्रॅपमधनं जुन्या बलेनो सेडानचं १.६ इंजिन आण आणि बसव, दोन दिवसांचं काम. बजेट दीड लाखाच्या आत ठेवायचंय, त्यात टायर-क्लच पण आलं. सुरुवात कुठून करू? हेड दोन एमएम घासणं मला जरा जास्तच वाटतंय पण माझ्याकडे आकडा नाही सांगायला. आणि मशीनिंग सोलापुरातच करावं का पुण्याला न्यावं हे पण सांगा.

चिंचोली_फिटर (सोलापूर)

कॉम्प्रेशन टेस्ट नीट केलीस भावा, बरोबर पद्धत, आणि निष्कर्ष पण बरोबर. ऑइल टाकल्यावर वाढलं म्हणजे रिंग-बोअरचं दुखणं. आता मी जे सांगतो ते जरा सावकाश वाच कारण लोक पॉवरच्या मागं लागतात आणि इंजिन सरळ करायचं विसरतात, आणि ड्रॅगमधी इंजिन फुटतं ते नव्वद टक्के वेळा मापात मार खाल्लेलं असतं म्हणून.

आधी ओव्हरसाइझचा गैरसमज काढ. तुझा बोअर ७४ एमएम, स्ट्रोक ७५.५. एका सिलिंडरचं ३२४.७ सीसी होतं. ७४.५ केलंस तर ३२९ आणि चारी मिळून १३१६. म्हणजे सगळे मिळून अठरा सीसी वाढले! यानं पॉवर वाढत नाही. रिबोअर करायचा तो बोअर गोल आणि सरळ करायला, एवढंच. म्हणून ०.२५ मधी बोअर साफ होत असेल तर ०.२५ च घे, पुढच्या वेळंसाठी मटेरियल शिल्लक राहतं. बोअर गेजनं वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांना माप घे, मग ठरव. आणि तिसरा एकटा खराब असला तरी चारही करायचे, एका इंजिनात दोन साइझचे पिस्टन मी बघितलेत, तसलं काम करून घेऊ नको.

पिस्टन आधी हातात घ्यायचे आणि बोअर नंतर मारायचा. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरनं मोजायचा, त्याच्यावर एक-दोन-तीन-चार लिहायचं, आणि त्या त्या पिस्टनच्या मापानं तो तो बोअर. मशीनवाल्याला सांग बोअरिंगला पाच-सात शतांश शिल्लक ठेव आणि उरलेलं होनिंगनं, म्हणजे बारीक दगडानं घासून, आण. ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, आत बिडाचे लायनर, आणि हेडचे बोल्ट आवळले की बोअर वरच्या बाजूला किंचित ओढला जातो. म्हणून होनिंगच्या वेळी वर हेडच्या जागी जाड डेक प्लेट बोल्टानं त्याच टॉर्कला आवळून होन करायचं. सोलापुरात ही प्लेट तयार कुणाकडं मिळणार नाही पण एमआयडीसीत कुठल्याही चांगल्या टर्नरकडून चाळीस एमएमच्या पट्टीतून करून घेता येते. जुनं गॅस्केट घेऊन जा, भोकं त्यावरनं मारतील.

आणि हे खास सोलापूरसाठी. मापं दुपारी घेऊ नको. मापाचं जागतिक प्रमाण तापमान २० अंश आहे आणि मे महिन्यात आपल्याकडं शेडमधी ४२ असतं. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतो, त्यामुळं ७४ च्या मापाला एवढ्या फरकात १५-२० मायक्रॉनचा क्लिअरन्स खोटा दिसतो, आणि तुझा सगळा क्लिअरन्सच चाळीस-पन्नास मायक्रॉनच्या घरात. त्यात माणूस पिस्टन पंख्याखाली ठेवतो आणि ब्लॉक उन्हातनं आणतो. पिस्टन, ब्लॉक, मायक्रोमीटर, गेज सगळं आदल्या रात्री एकाच खोलीत ठेव आणि पहाटे सहाला माप घे. मशीनवाला कुरकुर करेल, चहा पाज पण माप पहाटेच घे.

रिंगचा गॅप बॉक्समधनं काढून तसाच टाकू नको. नॅचरल, म्हणजे टर्बो नसलेल्या, इंजिनला बोअरच्या साधारण चार ते साडेचार हजारांश धरतात, म्हणजे ७४.५ ला वरच्या रिंगचा ०.३० ते ०.३४ एमएम. रिंग बोअरमधी टाकायची, उलट्या पिस्टननं ढकलून सरळ करायची आणि फीलर गेजनं बघायची. गॅप कमी राहिला तर रिंग गरम होऊन दोन्ही टोकं भिडतात आणि पिस्टनची वरची कड उडते.

क्रँक ग्राइंडिंग लागलं नाही तर देवाची कृपा समज, नुसतं पॉलिश कर. बेअरिंग नवे घाल, प्लास्टीगेजनं (चेपून मोजायची बारीक प्लास्टिकची तार) क्लिअरन्स बघ. जर्नलच्या, म्हणजे क्रँकचा जो भाग बेअरिंगमधी फिरतो त्याच्या, दर एमएमला एक मायक्रॉन हा जुना अंदाज अजून चालतो, ४५ चं जर्नल असेल तर ४५ मायक्रॉन. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट मात्र डोळे झाकून नवे घे. आरपीएम ६५०० वरनं ७५०० नेलास तर आकडा पंधरा टक्के वाढल्यासारखा वाटतो पण रॉडवरचा ओढा वर्गानं वाढतो, ३३ टक्के. आणि तो सगळा दोन बोल्टांवर येतो.

हेडचं सांगतो. समजा तुझं कॉम्प्रेशन, म्हणजे रेशो, ९.५ धरलं तर चेंबर, गॅस्केट सगळं मिळून ३८ सीसी जागा. अर्धा एमएम घासलं तर जास्तीत जास्त २.१५ सीसी जातात आणि कॉम्प्रेशन दहाच्या घरात येतं. दोन एमएम घासलं तर हिशोबानं बाराच्या जवळ! शिवाय व्हॉल्व्ह पिस्टनकडं दोन एमएम खाली आले, बेल्टचं अंतर बदललं, आणि हेडच पातळ झालं ते वेगळं. तुला जास्त वाटलं ते बरोबरच होतं. आधी चेंबर ब्युरेटनं मोज, चारही. काचेचा तुकडा, थोडं ग्रीस आणि मेडिकल कॉलेजच्या बाजूला मिळणारी ब्युरेट, बास. चारही चेंबर एकमेकांच्या पाव सीसीच्या आत आणून ठेव, तेवढ्यानं इंजिन किती गुळगुळीत फिरतं ते बघशील.

मशीनिंग सोलापुरातच कर. ज्या गावात किर्लोस्कर फेरसच्या कारखान्यात ब्लॉक-हेडचं कास्टिंग होतं आणि प्रिसिजनमधी मोठमोठ्या कंपन्यांचे कॅमशाफ्ट बनतात तिथं हात नाहीत असं कुणी म्हणू नये. फक्त वेळ निवड. उसाचा हंगाम संपला की ट्रॅक्टरची रांग लागते आणि ट्रॅक्टरचं इंजिन दोन-अडीच हजार आरपीएमवर चालतं, त्या सवयीच्या हातानं घाईत तुझं काम झालं तर साडेसात हजारावर टिकणार नाही. पावसाळ्यात दे. तेव्हा मशीनवाल्याकडं वेळ पण असतो आणि शेडमधी थंडावा पण.

विजापूररोडकर

फिटरभाऊंनी लिहिलंय ते सगळं मान्य, पण मी बलेनोच्या बाजूनं बोलणार. १५९० सीसी, ९४ बीएचपी, आणि मुख्य म्हणजे टॉर्क, जो खालपासूनच मिळतो. एकाच खानदानातलं इंजिन असल्यामुळं माउंटिंगला फार त्रास नाही, गिअरबॉक्स पण जुळतो. मी एस्टीममधी १.६ घातलेली गाडी चालवलीय, पिकअप असा की सीटला पाठ चिकटते. इथं १.३ वर लाख घालण्यापेक्षा ३०० सीसी फुकटात येतात की. फक्त इंजिनचा नंबर आरसीवर चढवायला लागतो, आणि वायरिंग ईसीयूसकट (इंजिनचा कॉम्प्युटर) आणायचं, नुसतं इंजिन आणू नको.

कॅमवाले_अण्णा (सोलापूर)

मी आयुष्यभर कॅमशाफ्टच्या फाउंड्रीत आणि ग्राइंडिंगला काम केलंय म्हणून तेवढ्यापुरतं बोलतो.

कॅम घासून आणतो असं जे म्हणतात त्यांना एक विचार, घासून किती खोल जाणार? बरेच कॅम चिल्ड कास्ट आयर्नचे असतात. ओततानाच साच्यात लोबच्या जागी लोखंडाचे चिल ठेवतात, त्यामुळं लोबचा पृष्ठभाग झटकन थंड होऊन कडक पांढरा थर तयार होतो आणि आतला दांडा मऊ, मशीन होणारा राहतो. तो कडक थर काही मिलिमीटरचाच. रीग्राइंड म्हणजे लोबचं नाक तसंच ठेवून खालचं वर्तुळ लहान करायचं, म्हणजे लिफ्ट वाढते. एखादा एमएम घेतला तर चालून जातं पण ज्याला थराची कल्पना नाही तो कडकपणा संपेपर्यंत घासतो आणि मग तो कॅम थोड्याच दिवसात रॉकरखाली चाटून जातो आणि ती सगळी भुकटी ऑइलमधनं तुझ्या नव्या बेअरिंगमधी जाते. ज्याच्याकडं हार्डनेस टेस्टर आहे त्याच्याकडंच काम दे, घासण्याच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा आकडा लिहून घे.

दुसरं, कॅम किती मोठा घ्यायचा. इथं सगळे फसतात ते गिअरमुळं. पहिला गिअर साधारण ३.४ आणि दुसरा १.९ असलेल्या बॉक्समधी ७००० ला गिअर टाकलास तर आरपीएम पडून ३९०० वर येतो. आता तू असा कॅम घातलास जो ४८०० नंतर जागा होतो, तर लाँच झाल्यावर दुसऱ्या गिअरमधी गाडी मेल्यासारखी होणार आणि तेवढ्यात शेजारची लेन निघून जाणार. दुसऱ्यातनं तिसऱ्यात पडझड कमी असते, तिथं चालेल. म्हणून तुझ्या कॅमचं काम ३८००-४००० पासून सुरू झालं पाहिजे आणि सात-सव्वासात हजारापर्यंत टिकलं पाहिजे. हा मध्यम कॅम झाला. क्लोज रेशो गिअर घेशील तेव्हा मोठ्याचा विचार कर, आत्ता नाही. मोठ्या कॅमबरोबर आयडलिंगचा जो धडधड आवाज येतो त्यावर पोरं भाळतात, आवाजानं घड्याळ थांबत नाही रे बाळा.

कॅम बसवलास की डायल गेज आणि डिग्री चकती लावून टायमिंग बघ. बेल्टच्या खुणा जुळल्या म्हणजे टायमिंग जुळलं असं नसतं. हेड अर्धा एमएम घासलं की हेड क्रँकच्या जवळ येतं आणि कॅम थोडा मागं पडतो, क्रँकच्या हिशोबानं साधारण एक अंश. ॲडजस्टेबल पुली घेतलीस तर ते परत मिळवता येतं. मग पिस्टनवर मुलांची खेळायची क्ले लाव, हेड गॅस्केटसकट आवळ, हातानं क्रँक दोन फेरे फिरव, हेड काढ आणि क्ले मधनं कापून जाडी मोज. इनटेकला दोन एमएम आणि एक्झॉस्टला अडीच एमएमच्या खाली आली तर थांब. एक्झॉस्टला जास्त का, तर तो गरम होऊन लांबतो आणि वरच्या आरपीएमला स्प्रिंग मागं पडली तर पिस्टन त्याचा पाठलाग करत येत असतो. व्हॉल्व्ह स्प्रिंग जुन्या ठेवू नको, वीस वर्षांनी त्यांचा ताण उतरलेला असतोच.

पोर्ट मोठे करू नको. सोळा व्हॉल्व्हच्या हेडमधी जागा पुरेशी आहे, मोठं भोक केलं की हवेचा वेग मरतो. सीटला तीन कोनात कट, सीटच्या खालची आतली कड गोलसर, गॅस्केट आणि मॅनिफोल्ड जिथं जुळतं तिथली पायरी काढणं, एवढ्यावर थांब.

पावमैल_पुणे

सोलापूरकर, तुमच्या धाग्यावर इतकं चांगलं वाचायला मिळालं की मला पण राहवलं नाही. मी अँबी व्हॅलीला व्हॅली रन या ड्रॅग स्पर्धेला गाडी घेऊन जातो, तिथलं सांगतो.

पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. तिथं किती वेळ लागेल याचं एक जुनं सूत्र आहे, ड्रायव्हरसकट वजन किलोत घ्या, बीएचपीनं भागा, घनमूळ काढा आणि ७.५८ नं गुणा. सगळं ग्रिप मिळालं असं धरून उत्तर येतं, प्रत्यक्षात थोडं जास्तच लागतं, पण दोन पर्यायांची तुलना करायला याच्यासारखं हत्यार नाही. आता तुझी एस्टीम. गाडी ८७५ आणि तू ८० धरला तर ९५५ किलो, ८५ बीएचपी. उत्तर १७.० सेकंद. बलेनोचं स्टॉक इंजिन टाकलं, ९४ बीएचपी आणि वीस किलो जास्त, उत्तर १६.५. आणि आता इंजिनला हात न लावता गाडीतनं ८० किलो काढले तर? ८७५ भागिले ८५, उत्तर परत १६.५!

विजापूररोडकर, तुमच्याशी भांडत नाही, १.६ चा टॉर्क खरा आहे आणि रस्त्यावर ती गाडी जास्त मजा देईल. पण इथं फक्त घड्याळ बघायचंय. मागची सीट, स्पेअर व्हील, जॅक, डॅशच्या मागची साऊंड डेडनिंग, एसी कॉम्प्रेसर-कंडेन्सर, मागच्या दारांच्या काचांची मशीनं, पुढं एक हलकी बकेट सीट, मोजत जा, ८० किलो निघतात. खर्च जवळजवळ शून्य. दुसरं म्हणजे बलेनोचा स्ट्रोक ९० एमएम आहे. ७००० ला त्याच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २१ मीटर होतो, तुझ्या ७५.५ च्या स्ट्रोकला ७५०० ला पण १९ च्या आतच. लहान स्ट्रोकचं इंजिन फिरायला तयार असतं, फक्त त्याला फिटरभाऊ म्हणतात तसं सरळ केलेलं पाहिजे. ११० बीएचपीपर्यंत नेलंस आणि वजन उतरवलंस तर सूत्र १५.१ दाखवतं. अशा गाडीबरोबर उभं राहायला मोठमोठ्या गाड्यांचे मालक कचरतात.

बाकी ग्रिपचं बोलू. पुढच्या चाकांची गाडी लाँचला मागं बसते आणि नेमकी ज्या चाकांनी ओढायचंय तीच हलकी होतात. म्हणून मागचं सस्पेन्शन कडक, पुढचं रिबाउंड सावकाश, पुढं चांगल्या मऊ कंपाउंडचे टायर, हवा थोडी कमी, आणि मागं अरुंद टायर जास्त हवेवर. क्लच ऑर्गॅनिकच पण जास्त प्रेशर प्लेटचा घे, पक, म्हणजे धातूच्या तुकड्यांचा झटकन पकडणारा क्लच, घेतलास तर ड्राइव्हशाफ्टचे सीव्ही जॉइंट तुटतात. आणि फ्लायव्हील. लेथवर घासून हलकं करतात लोक, बिडाचं फ्लायव्हील पातळ करून ७५०० ला फिरवलं तर ते फुटून बोनेट आणि फायरवॉल फाडून आत येऊ शकतं, पाय तिथंच असतात. हलकं पाहिजे असेल तर स्टीलचं घे नाहीतर ओरिजिनल ठेव, यावर तडजोड नको.

पहिले साठ फूट सगळ्यात महत्त्वाचे. तिथं एक दशांश वाचवलास तर शेवटच्या रेषेला त्याहून जास्त वाचतं. आणि हे लक्षात ठेव की घड्याळ गाडी हलल्यावर सुरू होतं, हिरवा लागल्यावर नाही. उशिरा निघालास तर रेस हरशील पण तुझा वेळ खराब होत नाही. म्हणून पहिल्या इव्हेंटला शेजाऱ्याकडं बघायचंच नाही, स्वतःची स्लिप घ्यायची आणि साठ फुटांचा आकडा सुधारायचा.

रस्त्याच्या कायद्याचं पण. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं आणि सुप्रीम कोर्टानं २०१९ ला तेच स्पष्ट केलंय. एवढी उघडी केलेली गाडी ट्रेलरवरच आणायची. रोल केज, हार्नेस, हेल्मेट कुठलं चालतं हे एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना) नियमात बघून मगच पैसे घाल, दीड लाखात आधी त्याचा वाटा बाजूला काढ.

सोला_एस्टीम

काय बोलू मंडळी, तीनदा वाचलं सगळं. घनमुळाचं सूत्र वडिलांना दाखवलं तर ते स्वतः पाना घेऊन मागची सीट काढायला बसले.

ठरवलं असं की बलेनो नाही, १.३ च. ०.२५ मधी साफ झालं तर ०.२५, डेक प्लेट करून घेणार, हेड फक्त सरळ होण्यापुरतं आणि जास्तीत जास्त अर्धा एमएम, मध्यम कॅम, नव्या स्प्रिंग, रॉड बोल्ट. एस्टीम २००७ ला बंद झाली पण हेच इंजिन जिप्सीत पुढं चालू होतं त्यामुळं स्पेअरची अडचण दिसत नाही. अण्णा, हार्डनेसचा आकडा लिहून घेणार, नक्की.

दोन गोष्टी राहिल्या. पेट्रोल कुठलं धरून ट्यून करायचं, आता सगळीकडं ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे आणि गाडी २००४ ची. आणि नवीन इंजिन रनिंगला कसं टाकायचं? इथं सगळे म्हणतात हजार किलोमीटर चाळीसच्या स्पीडनं चालव, आणि ही गाडी तर रस्त्यावर हजार किलोमीटर जाणारच नाही.

पावमैल_पुणे

पेट्रोलचं मी सांगतो. ई-२० ला घाबरू नको, इथेनॉल आत जाताना चार्ज थंड करतं आणि नॉक सहन करतं, दहाच्या कॉम्प्रेशनला ते चांगलंच. पण दोन कामं कर. टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सगळे रबरी पाइप, ओ-रिंग, फिल्टर बदलून इथेनॉलला चालणारे टाक, २००४ चं रबर ते खाऊन टाकतं. आणि पूर्ण जळायला शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के पेट्रोल जास्त द्यावं लागतं. जुन्या मॅपवर गाडी फुल थ्रॉटलला लीन जाईल, म्हणजे पेट्रोल कमी पडेल. पिगीबॅक (मूळ ईसीयूला जोडायचा) नाहीतर स्टँडअलोन (पूर्ण वेगळा) ईसीयू, आणि एक्झॉस्टमधनं मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर हवाच. मीटर लॅम्ब्डामधी (१ म्हणजे पूर्ण जळण्याचं प्रमाण, कमी म्हणजे पेट्रोल जास्त) लाव म्हणजे पेट्रोल कुठलं का असेना, फुल थ्रॉटलला ०.८६ ते ०.८८ बघायचं. पुण्यात एक्सपी १०० मिळतं पण इव्हेंटला जे भरणार त्यावरच ट्यून कर. आज एक उद्या दुसरं असं नको.

आणि ट्यून मे महिन्यात सोलापुरात केलंस आणि पळवलीस डिसेंबरच्या सकाळी, तर हवा बदललेली असते. ४२ अंशाला हवा १५ अंशापेक्षा साडेआठ टक्के विरळ. म्हणजे डिसेंबरात तुझ्या इंजिनला पॉवर पण जवळजवळ तेवढीच जास्त मिळणार आणि पेट्रोल पण तेवढंच जास्त लागणार. हवेच्या तापमानाचा सेन्सर इंजिनच्या उष्णतेपासून लांब, गार हवा येते तिथं बसव म्हणजे ईसीयू खरं तापमान बघून भरपाई करेल. पहिला पास अर्ध्या ट्रॅकपर्यंतच मार, लॉग बघ, मग पुढचं.

चिंचोली_फिटर (सोलापूर)

चाळीसच्या स्पीडचं विसर. रिंग बसतात त्या मागच्या बाजूनं गॅसचा दाब आला की, आणि दाब येतो तो लोडवर. नुसतं हळू चालवलं किंवा आयडलला तासभर सोडलं तर होनिंगच्या रेघा चकचकीत होऊन जातात आणि रिंग बसतच नाहीत, मग परत धूर.

असं कर. स्टार्ट करायच्या आधी प्लग काढून, इंजेक्टरचं कनेक्शन सोडून सेल्फ मार, ऑइलचं प्रेशर गेजवर दिसेपर्यंत. कॅमला आणि रॉकरला असेंब्ली ल्युब लावलेलं असू दे. साधं मिनरल ऑइल, सिंथेटिक नको एवढ्यात. रेडिएटरमधी आपल्याकडचं बोअरचं पाणी अजिबात नको, खारं पाणी ॲल्युमिनियमच्या हेडला कुरतडतं, डिस्टिल्ड आणि कूलंट. स्टार्ट झाल्याबरोबर दोन हजारावर धर, वर-खाली करत वीस मिनिटं, एकाच आरपीएमवर नाही. गळती बघ, बंद कर, पूर्ण थंड होऊ दे.

मग डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर रोलरवर पळवून पॉवर मोजतात त्या मशीनवर, घाल, तुला तसंही ट्यूनला न्यायचंच आहे. तिसऱ्या गिअरमधी तीन हजारावरनं अर्ध्या थ्रॉटलनं पाच हजारापर्यंत ओढायचं आणि थ्रॉटल सोडून इंजिन ब्रेकिंगवर खाली येऊ द्यायचं. ओढताना रिंग दाबली जाते, सोडताना ऑइल वर खेचून भुकटी धुतली जाते. हळूहळू थ्रॉटल वाढवत न्यायचा. तासाभरात काम होतं. ऑइल गरम असतानाच काढ, फिल्टर करवतीनं कापून आतला कागद पसर. बारीक करडी पूड असेल तर ठीक, चमकणारे पापुद्रे दिसले तर तिथंच थांब आणि बेअरिंगच्या कॅप उघड, पुढं एकदा पण ओढू नको. सगळं ठीक असलं तर नवं ऑइल टाकून परत कॉम्प्रेशन घे आणि चारही आकडे इथं टाक.

आणि ब्लॉक उतरवलास की मला मेसेज कर, बोअर गेज माझ्याकडं आहे, एमआयडीसीतनं सुट्टी झाल्यावर येतो. माप पहाटे घेऊ.